तेवीस मिनिटांत काही घडतच नाही असं वाटतं, तेव्हा कान कुठे लावायचा?

प्रश्न असा आहे. नौपाड्यात राहणाऱ्या आणि रोज वाशीला नोकरीला जाणाऱ्या एका तरुणाला मित्राने पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘मेडल’ हा अल्बम ऐकायला सांगितला. त्यातली शेवटची रचना ‘एकोज’, लांबी साडेतेवीस मिनिटं. ठाणे-वाशी लोकलला अर्धा तास लागतो, म्हणून त्याने ती गाडीतच, कानात इअरबड घालून, दोन-तीनदा लावून पाहिली. तो लिहितो: ‘गाणं सुरू व्हायलाच तीन मिनिटं लागतात. पुढे मध्ये तर नुसते आवाजच येत राहतात. मला जुनी हिंदी गाणी आवडतात, घरी आजोबा शास्त्रीय संगीत ऐकायचे, म्हणजे कान अगदीच कोरा नाही. तरी यात नेमकं काय ऐकायचं ते कळत नाही. चांगला हेडफोन घेतला तर फरक पडेल का?’

मी ठाण्यातच ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचं काम करतो. भावगीतं, जाहिराती, नाटकांचं पार्श्वसंगीत, आणि अधूनमधून स्वतःची गाणी घेऊन येणारे तरुण बँड. त्यामुळे उत्तर ऐकणाऱ्याच्या आणि करणाऱ्याच्या अशा दोन्ही बाजूंनी देतो. हेडफोनचं नंतर बघू, कारण खरी अडचण तिथे नाही. तुम्ही पुढच्या सुराची वाट बघत ऐकता आहात. या प्रकारच्या संगीतात सूर बराच वेळ जागचा हलत नाही. बदलतो तो आवाजाचा पोत, त्याचं आपल्यापासूनचं अंतर, त्याच्या भोवतालची जागा. गायक आणि चाल यांच्या मागे एरवी जे असतं, तेच इथे पुढे आणून ठेवलेलं असतं. कान अजून गायकाच्या जागेकडे बघतो, तिथे कोणी नसतं, आणि मग ‘काही घडत नाही’ असं वाटतं.

आधी लांबीबद्दल. तीन-चार मिनिटांचं गाणं ही आपल्या कानाची सवय मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीने लावली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटंच मावत. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. साठच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमधल्या काही बँडना वाटलं की ही अख्खी बाजू हाच एक घटक मानून रचना करावी. ‘मेडल’ १९७१ चा. त्याच्या पहिल्या बाजूला पाच गाणी आहेत आणि दुसरी बाजू सबंध ‘एकोज’ची. बाजू लांबली की खाचा एकमेकींच्या जवळ कोराव्या लागतात, त्यामुळे आवाजाची पातळी खाली ठेवावी लागते. हा तोटा पत्करून त्यांनी ती लांबी घेतली. म्हणून ‘गाणं सुरू व्हायला तीन मिनिटं लागतात’ हे मला मान्य नाही. रचना पहिल्या टिंबापासून सुरू झालेली असते. तीन मिनिटांनी सुरू होतात ते फक्त शब्द.

त्या टिंबापासूनच सुरुवात करू. रचना सुरू होते ती पियानोच्या एका उंच सुराने. तो एकटा येतो, विरतो, पुन्हा येतो. बँडचा रिचर्ड राइट पियानो वाजवत होता आणि त्याचा आवाज लेस्ली स्पीकरमधून काढलेला होता. लेस्ली म्हणजे लाकडी पेटीतला फिरणारा स्पीकर, एरवी हॅमंड ऑर्गनसाठी वापरतात. भोंगा फिरताना आपल्याकडे येतो आणि लांब जातो, त्यामुळे सूर किंचित चढतो-उतरतो आणि त्याची तीव्रताही डुलते. बँडने १९७१ च्या सुरुवातीला स्टुडिओत असे सुटे तुकडे जमवले होते आणि त्यांना नाव दिलं होतं ‘नथिंग’, पुढे अनुक्रमांक. हा सूर त्या तुकड्यांमधला. म्हणजे ही रचना चालीतून उगवलेली नाही, एका आवाजातून उगवलेली आहे. तुम्ही पहिल्या मिनिटात दुसरं काही करू नका, फक्त त्या सुराचा शेवट ऐका. ठोका झाल्यावर तो कसा विरतो, किती लांब जातो, पुढचा ठोका येईपर्यंत मागे काही उरतं का. त्या शेपटीत कान गुंतला की पुढचा रस्ता पुष्कळ सोपा होतो.

आता करणाऱ्याच्या बाजूची एक गोष्ट सांगतो, कारण हे कळलं की ऐकणं बदलतं. मिक्सिंग करताना एखादा आवाज लांब नेऊन ठेवायचा असेल तर नुसता त्याचा व्हॉल्यूम कमी करून भागत नाही. लहान झालेला आवाज लहानच वाटतो, लांबचा वाटत नाही. लांब न्यायचा तर त्याच्यातली तीक्ष्ण बाजू, म्हणजे वरच्या कंपनसंख्या, थोड्या काढाव्या लागतात, कारण हवेतून लांबून येणाऱ्या आवाजात त्याच आधी झिजतात. आणि मूळ आवाजाच्या मानाने त्याचा घुमारा वाढवावा लागतो. जवळच्या माणसाचा आवाज आधी थेट कानावर येतो आणि भिंतींवरून परतलेला मागाहून. लांबच्या माणसाचे दोन्ही जवळजवळ एकत्रच पोहोचतात. घुमारा सुरू होण्याआधीची ही काही मिलिसेकंदांची फट कमी-जास्त करून आम्ही गायकाला ओठांशी आणतो किंवा देवळाच्या गाभाऱ्यात उभा करतो. भावगीतात हे सगळं शब्दाला मदत म्हणून असतं, ऐकणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये अशा बेताने. ‘एकोज’सारख्या वातावरणाच्या संगीतात मात्र हाच मजकूर असतो. एखादा आवाज दोन मिनिटांत हळूहळू लांबून जवळ आला, तर ती त्या भागातली मोठी घटना.

त्या काळी हे सगळं यंत्रांच्या आणि जागेच्या जोरावर व्हायचं. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत घुमाऱ्यासाठी वेगळी खोली होती: आत स्पीकर लावायचा, समोर मायक्रोफोन, आणि भिंतींनी परतवलेला आवाज पुन्हा मिक्सरवर घ्यायचा. मोठाल्या पोलादी पत्र्याला कंप देऊन घुमारा काढणारी यंत्रं होती. पिंक फ्लॉइड बिन्सनचं इटालियन इकोरेक वापरत, त्यात फितीऐवजी फिरत्या चुंबकीय ड्रमवर आवाज नोंदवला जाई आणि आजूबाजूच्या हेडवरून त्याचे पडसाद मिळत. ‘मेडल’ची सुरुवात ज्या बेसने (खालच्या सुरांच्या गिटारने) होते तो ऐका, मूळ वाजवलेला ठोका आणि यंत्राने परत केलेला ठोका मिळून एक नवीच लय तयार झालेली आहे. पडसाद इथे वाद्य झाला आहे. आज हे परिणाम लॅपटॉपवर एका क्लिकमध्ये मिळतात, आणि म्हणूनच ते स्वस्तही झाले आहेत. त्याबद्दल पुढे बोलतो.

आता ‘एकोज’मधून एकदा सोबत जाऊ. मिनिटं साधारण धरा.

पहिल्या तीन मिनिटांत एकेक वाद्य येऊन बसतं. गिटार सरकत, काचेवरून घसरल्यासारखी येते. बेस कधी आला हे पकडायचा प्रयत्न करा. तो आला की खोलीला जमीन मिळते, तोवर सगळं अधांतरी असतं. तीनच्या सुमाराला गाणं येतं. गिटारवादक डेव्हिड गिलमोर आणि राइट दोघे एकत्र गातात, आणि आवाज पुढे न आणता वाद्यांच्या ओळीत बसवलेला आहे. हिंदी गाण्याच्या कानाला इथे पहिली ठेच लागते, कारण आपल्याकडे गायक सगळ्यांच्या दोन पावलं पुढे असतो. शब्द नीट कळले नाहीत तरी हरकत नाही. दोन आवाजांची जोडी हा एक तिसराच आवाज म्हणून ऐका.

सातच्या पुढे एक ठाम, चालता भाग सुरू होतो आणि चारेक मिनिटं चालतो. बेस आणि ड्रम तेच तेच वाजवत राहतात. इथे तुमच्या आजोबांचं ऐकणं कामाला येईल. एकल तबल्याला सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा धरतात, तो जागचा हलत नाही आणि त्याच्यावर तबला काय काय करतो ते आपण ऐकतो. बेस-ड्रमला लेहरा समजा आणि वर गिटार, ऑर्गन काय बोलतात त्याकडे जा. मग थोडा वेळ उलटं करा, वरचं सोडून फक्त बेसकडे लक्ष द्या. एकाच भागातून लक्ष असं वर-खाली नेता येणं हे या प्रकारच्या ऐकण्यातलं मुख्य कौशल्य आहे, आणि ते सरावाने येतं.

अकरा-साडेअकराच्या आसपास ती चाल विरते आणि वारा सुरू होतो. तुम्ही हरवता ती हीच जागा. लय नाही, चाल नाही, स्वरांचा आधार नाही. वाऱ्यासारखा पसरट आवाज, त्यात कुठला तरी प्राणी किंचाळावा तशा हाका, आणि कावळ्यांच्या जातीच्या पक्ष्यांची कावकाव. त्या हाका कोणा प्राण्याच्या नाहीत. गिटार आणि वा-वा पेडल (गिटारचा आवाज पायाने बदलायचं यंत्र) यांच्या केबल उलट्या बाजूंना जोडल्या की पेडल असा रडू लागतो, आणि गिलमोरने तो विचित्रपणा वाद्य म्हणून वाजवला आहे. हा भाग ऐकताना सूर शोधूच नका. जागा शोधा. वारा रुंद आहे, डावी-उजवीकडे पसरलेला. हाक एकटी आहे. पक्षी वेगळ्याच अंतरावर आहेत. आपण कुठे उभे आहोत असं वाटतं, उघड्यावर की आत? हाका जवळ येतात की लांब जातात? हे प्रश्न मनात ठेवले तर ती चार मिनिटं कमी पडतात.

पंधराच्या सुमाराला पहिला पियानोचा सूर परत येतो. हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. तोच सूर, पण आता तो कुठून आला हे आपल्याला माहीत आहे आणि मधला सगळा उजाड पट्टा आपण पार केलेला आहे. मग ऑर्गनचे लांब सूर, हाताच्या कडेने दाबून धरलेल्या तारांवरची गिटारची बारीक टकटक, हळूहळू भरत जाणारे ड्रम. ही चढण तीनेक मिनिटांची आहे आणि अठराच्या जवळपास ती शिखरावर पोहोचते. त्यानंतर शेवटचं कडवं, आणि सगळ्यात शेवटी सतत वर चढतोय असं वाटणारा आवाजांचा थर, वाऱ्यात विरघळणारा.

एक प्रयोग सांगतो. एका दिवशी अकरा ते पंधरा हा भाग वगळून थेट पियानोच्या सुरावर उडी मारा आणि चढण ऐका. दुसऱ्या दिवशी पूर्ण ऐका. पहिल्या दिवशी ती चढण नुसती मोठी होत गेलेली वाटेल, दुसऱ्या दिवशी सुटका वाटेल. जे चार मिनिटं ‘नुसते आवाज’ होते त्यांचं काम काय, हे वाचून कळणार नाही, या दोन ऐकण्यांच्या फरकातून कळेल.

तुम्ही शास्त्रीय संगीताचा उल्लेख केलात, त्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण त्याने अर्धी मदत होते आणि अर्धी अडचण. किराणा घराण्याची संथ बढत आपल्या मराठी मुलखाला चांगली ओळखीची आहे. अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि त्यांचे भीमसेन जोशी. याच घराण्याचे अब्दुल वाहिद खाँ अतिविलंबित लयीत एकेका स्वराभोवती दीर्घकाळ रेंगाळण्यासाठी ओळखले जात. त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेला गेले आणि टेरी रायली, ला माँट यंग हे तिथले प्रयोगशील संगीतकार त्यांचे शिष्य झाले. रायलीच्या पुनरावृत्तीच्या संगीताची छाप त्या काळच्या रॉकवर उघड दिसते. द हू या बँडने १९७१ मध्ये आपल्या एका गाण्याच्या नावात त्याचं नाव गुंफलं. तेव्हा एक सूर लावून धरायचा आणि त्याच्या आतलं ऐकायचं, ही गोष्ट आपल्या कानाला परकी नाही. मैफल सुरू होण्याआधी तानपुरे जुळवताना जवारी खुलते आणि एका षड्जातून कितीतरी स्वर झिरपू लागतात, तेव्हा जो कान जागा होतो तोच इथे हवा.

अडचण अशी की आलापाला रागाचं व्याकरण असतं. गंधार लागला की मध्यमाची वाट बघायची हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, आणि गायक ती वाट लांबवतो यात रंगत असते. ‘एकोज’च्या मधल्या भागात असलं कुठलंही वचन दिलेलं नाही. रागाच्या अपेक्षेने बसलात तर निराशा होईल. तानपुऱ्याचा कान न्या, रागाचा घरी ठेवा.

आता लोकल. ट्रान्स हार्बर मार्गावर दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली करत जाताना डब्यात रुळांची घरघर, पंखे, उघड्या दारातला वारा आणि दर दोन-तीन मिनिटांनी उद्घोषणा असते. मोठा आवाज त्याच पट्ट्यातल्या लहान आवाजाला झाकून टाकतो, कानाचा तो स्वभावच आहे. तीन मिनिटांच्या सिनेगीतात आवाजाची पातळी बहुतेक सारखी ठेवलेली असते, म्हणून ते गाडीतही तग धरतं. इथे मात्र सुरुवातीच्या सुराची शेपूट, वाऱ्याच्या मागचे पक्षी, चढणीची सुरुवात, सगळं गाडीच्या आवाजाखाली गेलेलं असतं. म्हणजे तुम्ही ‘एकोज’ पूर्ण ऐकलीच नाही, तिचा पाण्यावर राहिलेला भाग ऐकला. नॉइज कॅन्सलेशनवाले इअरबड खालची सलग घरघर बऱ्यापैकी कापतात, बोलणं आणि उद्घोषणा तितक्या कापत नाहीत. शिवाय गाडीत आपण व्हॉल्यूम चढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा ८० डेसिबलच्या पातळीला आठवड्याला ४० तासांचा आहे, आणि पातळी वाढली की ही मुदत झपाट्याने घटते. रोजच्या प्रवासात कान खर्ची घालू नका, हे मी कान हेच भांडवल असलेला माणूस म्हणून कळकळीने सांगतो. लोकलमध्ये दुसरं काही ऐका.

घरी ऐकताना व्हॉल्यूम कसा ठेवायचा, यावर बहुतेक कोणी बोलत नाही आणि मला तीच सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. लोक पहिला पियानोचा सूर लहान वाटतो म्हणून आवाज वाढवतात. मग अठराव्या मिनिटाला दचकून कमी करतात, आणि संपूर्ण चढण हाताने सपाट करून टाकतात. त्याऐवजी आधी थेट सतरा-अठराव्या मिनिटावर जा, तो भाग भरदार पण सुखाचा वाटेल इतका आवाज ठेवा, मग सुरुवातीला परत या आणि शेवटपर्यंत बटणाला हात लावू नका. पहिला सूर आता लांबून येईल, आणि तो लांबूनच यायला हवा. फार हळू आवाजातही ऐकू नका. पातळी उतरली की कानाला खालचे स्वर वरच्यांच्या मानाने जास्त वेगाने कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेत हे मोजून दाखवलं. रात्री शेजारी झोपलेत म्हणून कुजबुजत्या आवाजात लावलंत तर बेस निघून जातो आणि रचनेची जमीनच जाते.

अ‍ॅपमध्ये शफल बंद करा. क्रॉसफेड आणि ऑटोमिक्स बंद करा, कारण एका गाण्याची शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर ओढणं हा या अल्बमांचा खूनच आहे. गाण्यांमध्ये फट न ठेवणारी गॅपलेस सोय चालू ठेवा. अल्बम सलग, पहिल्यापासून लावा, म्हणजे गाण्यागाण्यांतला लहान-मोठेपणा शाबूत राहतो. मध्ये जाहिरात येत असेल तर त्या पद्धतीने ऐकू नका.

खोलीबद्दल. ठाण्यातल्या जुन्या इमारतींतल्या खोल्या, नव्या संकुलांतले लहान हॉल, यांची रुंदी बहुधा दहा फुटांच्या आसपास असते. दहा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा स्वर घुमू लागतो, आणि बेस गिटारची मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झला आहे. म्हणजे बेसवादक त्या तारेवर आला की तो स्वर भिंतीला टेकून बसलेल्याला ढोलासारखा वाटतो आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्ये बसलेल्याला जवळजवळ नाहीसा होतो. यंत्र बदलून हे जात नाही, खुर्ची सरकवून जातं. भिंतीपासून तीन-साडेतीन फुटांवर बसा. दोन स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, कानाच्या उंचीवर ठेवा, दोन्हींमध्ये जेवढं अंतर तेवढंच ते तुमच्यापासून असू द्या. जाड पडदा, गादी, पुस्तकांचं कपाट यांनी खोलीचा स्वतःचा घुमारा कमी होतो. तो कमी झाला की रेकॉर्डिंगमधला घुमारा वेगळा ऐकू येतो, आणि इथे आपल्याला तोच ऐकायचा आहे.

असलं संगीत पावसात ऐकावं असं पुष्कळजण सांगतात. माझं मत उलट आहे. जुलैत आपल्याकडे खिडकीवरच्या पत्र्यावर जो पाऊस कोसळतो तो खालपासून वरपर्यंत सगळ्या कंपनसंख्यांचा पडदा असतो, बारीक सगळं झाकतो. पाऊस ऐकायचा तर पाऊस ऐकावा, तो स्वतः पुरेसा आहे. या अल्बमांसाठी थंडीतली रात्र बरी, पंखा बंद ठेवता येतो. घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांनी खिडकी लावून मागची खोली निवडावी.

आणि नशेबद्दल. हे संगीत ऐकायला काहीतरी घ्यावं लागतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. याला लक्ष लागतं, आणि नशेत पहिलं तेच जातं.

दोन सवयी नव्या श्रोत्यांना आडव्या येतात. एक, मात्रा मोजणं. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे असल्या लांब रचनांचं प्रयोगशील रॉक, म्हटलं की सात, पाच, अकरा असे ताल असणार आणि ते मोजता आले पाहिजेत असं वाटतं. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ सात मात्रांचं आहे हे खरं, आपल्या रूपक तालाच्या कानाला ते सोपंच जातं, पण वातावरणाच्या रचनांत मोजणीने हाती काही लागत नाही. दुसरी सवय, आधी अर्थ वाचून बसणं. कोणता अल्बम कशाबद्दल आहे यावर लोकांनी रकाने भरले आहेत. ते पहिल्या काही ऐकण्यांपर्यंत बाजूला ठेवा. आधी आवाज तुमच्याशी काय करतो ते तुमचं तुम्हाला कळू द्या.

‘एकोज’ जमली की पुढे कुठे जायचं? मी टॉक टॉक या ब्रिटिश बँडच्या ‘स्पिरिट ऑफ ईडन’कडे पाठवीन. १९८८ चा अल्बम, लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत केलेला. अभियंता फिल ब्राउन. खोली अंधारी, तेलाच्या प्रोजेक्टरचा हलता उजेड, आणि वादकांना फारशा सूचना न देता वाजवत ठेवायचं. मग त्या ढिगातून काही क्षण निवडायचे आणि बाकीचं टाकून द्यायचं. नायजेल केनेडी यांचं व्हायोलिन आणि डॅनी थॉम्पसन यांचा डबल बास या रेकॉर्डिंगमध्ये आहेत, आणि तरीही कोणीही पुढे येऊन मिरवत नाही. पहिल्या तीन रचना एकमेकींत मिसळलेल्या आहेत, त्या सलगच ऐका. तिथे वाद्यांच्या मधली शांतता मोजून ठेवलेली आहे, पोकळी भरायला काहीही टाकलेलं नाही. माझ्या कामावर इतका परिणाम दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डिंगने केलेला नाही. एखाद्या गाण्यात आठवं वाद्य घालावं का, असा प्रश्न समोर येतो तेव्हा मी आजही हा अल्बम लावतो आणि बहुतेक वेळा ते वाद्य घालत नाही.

त्यानंतर टँजरिन ड्रीम या जर्मन बँडचा ‘फेड्रा’, १९७४ चा. त्यात ड्रम नाहीत, मूग सिंथेसायझरच्या सीक्वेन्सरवर (ठरवलेले सूर आपोआप वाजवत राहणाऱ्या यंत्रावर) धावणारी स्वरांची साखळी आहे. ते यंत्र तापलं की त्याचे ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारे भाग, सुरातून सरकायचे, आणि ते सरकणं रेकॉर्डिंगमध्ये तसंच राहिलं आहे. शीर्षक रचनेत ते कान देऊन ऐका. सिगुर रोस या आइसलँडच्या बँडच्या २००२ च्या अल्बमला नाव म्हणून फक्त दोन कंस आहेत, आठही गाण्यांना छापील नावं नाहीत आणि गायक अर्थ नसलेले उच्चार गातो. शब्द कळत नाहीत म्हणून अडणाऱ्या श्रोत्याला मी तो मुद्दाम देतो, तिथे कळण्यासारखा शब्दच नाही. त्याच्या बरोबर मध्यावर अर्ध्या मिनिटाहून लांब शांतता आहे. तीही ऐका.

एक सावधगिरी. या नावाखाली निघालेलं सगळंच चांगलं नसतं. घुमारा ओतला, दोन पट्ट्या दाबून ठेवल्या, पावसाचा आवाज लावला, की वातावरण झालं असं समजणारं पुष्कळ काम आज निघतं, माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलांच्या पहिल्या मसुद्यांतही ते असतं. मी त्यांना सांगतो तीच कसोटी तुम्हीही लावा: मधली तीन मिनिटं काढून टाकली तर पुढच्या भागाचं काही बिघडतं का? बिघडत असेल तर ती मिनिटं रचनेची आहेत. बिघडत नसेल तर कंटाळा आला याचा दोष तुमच्या कानाचा नाही, आणि अल्बम बंद करायला काही हरकत नाही.

हेडफोनचं उत्तर आता देतो. कान पूर्ण झाकणारा, वायरवाला, साधा स्टुडिओ हेडफोन पुरेसा आहे. महाग घेण्याआधी दुकानात जाऊन ‘एकोज’चं अकरावं मिनिट त्यावर लावा. वारा डावी-उजवीकडे पसरलेला वाटला, हाका त्याच्यापासून वेगळ्या ऐकू आल्या आणि त्याआधीचा बेस फुगला नाही, तर तो घ्या. घरात आजोबांच्या वेळचे दोन स्पीकर चालू स्थितीत असतील तर आधी त्यांनाच संधी द्या. हेडफोनमध्ये आवाजाची जागा डोक्याच्या आत तयार होते, स्पीकरवर ती समोर उभी राहते, आणि या रचनेला समोरची जागा जास्त मानवते. शनिवारी रात्री जेवण झाल्यावर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येईल अशी काही व्यवस्था करून, एकदा ‘मेडल’ची दुसरी बाजू लावा. पंधराव्या मिनिटाला पियानोचा सूर परत आला तेव्हा काय वाटलं ते मला कळवा. त्यावरून ‘स्पिरिट ऑफ ईडन’ लगेच लावायचा की थोडं थांबायचं ते सांगता येईल.